दगडाची नवरी, दगडाचा राजा

कुरतकाया
९ जून १९७१

सातलमिश, माझ्या पोरा,

आधी तुला सलाम, मग तुझ्या दोन्ही डोळ्यांचे पापे, मग तुझ्या खोलीतल्या सगळ्या गाववाल्यांना सलाम. गाय बरी आहे, शेळी बरी आहे, माझा गुडघा तसाच आहे. एवढं सांगून झालं, म्हणजे मी आता भांडायला मोकळी.

तुझं पत्र मिळालं. “दुर्सुनच्या मुलाला आपली सेनेम दिली, शब्द दिला, ऑगस्टात सुट्टीवर येतो तेव्हा लग्न उरकू.” हे पोरीनं स्वतःच्या तोंडानं मला वाचून दाखवलं. घरात वाचता येणारं दुसरं आहे कोण? केझबान असती तर तिनं तुझ्या बायकोच्या हक्कानं पत्र चुलीत घातलं असतं. मी सासू, मला ऐकून घ्यावं लागलं.

वाचून झाल्यावर सेनेमनं पत्राची घडी घातली, शेळीचं दूध काढलं, तापवलं, मला दिलं आणि विचारलं, “आजी, वर देवळात रात्री गारठा असतो का गं?”

मी म्हटलं, “का?”

“नाही, गोधडी कुठली नेऊ ते ठरवते.”

तेव्हा मला कळलं. तुला जर्मनीत विसर पडला असेल म्हणून आठवण करून देते. टेकडीवरच्या पडक्या देवळात, आतल्या भिंतीला, आपली दगडाची नवरी आहे. अंगभर पायघोळ झगा, डोक्याला टोपी, कानात हे एवढं कडं, हातात वाकडी काठी, डोक्यावर पंख पसरलेलं पाखरू. नको त्या माणसाकडे तिची वरात निघाली होती. ती म्हणाली, देवा, मला दगड तरी कर नाहीतर पाखरू तरी. देव त्या दिवशी खुशीत असावा, त्यानं दोन्ही केलं. तेव्हापासून आपल्या गावची जी मुलगी लग्न नको म्हणून देवळाचा उंबरा ओलांडून नवरीपाशी जाऊन बसते, तिला कुणी हात लावत नाही. ज्यानं शब्द दिला तो शब्द मागे घेईपर्यंत ती आत राहते. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, की मात्र खेळ संपला.

तर तुझी लेक काल सकाळपासून आत बसली आहे. मी भाकरी आणि दही घेऊन चढून आले. हे पत्र मी उंबऱ्याच्या आत, देवळाच्या अंगणात बसून सांगते आहे आणि तीच लिहिते आहे. तिखट काही लागलं तर ते माझं. अक्षर तेवढं तिचं.

तिला चोरुमच्या सुइणींच्या शाळेत जायचं आहे. जुलैअखेर परीक्षा आहे. हे तिनं तुला दोनदा कळवलं होतं. तू उत्तरात हवामान लिहिलंस.

शब्द मागे घे. बाकी सगळं मी बघते.

तुझी आई
हूरू

(बाबा, “चुलीत घातलं असतं” हे लिहू का म्हणून मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, ठळक लिही. — सेनेम)


गेल्सेनकिर्शन
२२ जून १९७१

आई,

तुझे हात चुंबतो. पत्र वाचलं. हे पत्रही सेनेमच वाचणार, तर तिनं मोठ्यानं आणि एकही ओळ न गाळता वाचावं.

दुर्सुन कोण आहे ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तू घाबरली असतीस. मागच्या हिवाळ्यात खाणीत छत बसलं. मी कमरेपर्यंत दगडाखाली होतो. बाकीचे पळाले, त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, मीही पळालो असतो. दुर्सुन मागे फिरला. हातांनी कोळसा उपसून त्यानं मला ओढून काढलं. त्याच्या उजव्या हाताची नखं अजून नीट आलेली नाहीत. त्या माणसाला मी काय देणार? माझ्याकडे सगळ्यात मोलाची चीज काय आहे? मी ती दिली. मुलगा चांगला आहे, पेलितलीत त्यांचं घर आहे, जमीन आहे. माझ्या लेकीला मी विहिरीत ढकलत नाही.

आता तुझ्या नवरीबद्दल. आमच्या वसतिगृहात एक दुभाषा आहे, अंकाराला शिकलेला. त्याच्याकडे आपल्या भागातल्या जुन्या दगडांचं चित्रांचं पुस्तक आहे. मी त्याला त्यातली आपली नवरी दाखवली. तो पोट धरून हसला. आई, ती नवरी नाही. बाईसुद्धा नाही. तो हित्ती लोकांचा राजा आहे. ते लोक आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी राज्य करत होते. त्यांचे राजे असेच पायघोळ झगे घालायचे, कानात कडी घालायचे, हातात तशी वाकडी काठी धरायचे. वर पाखरू नाही, पंखांचा सूर्य आहे.

म्हणजे इतकी वर्षं आपल्या गावच्या पोरी एका परक्या पुरुषाच्या पायाशी जाऊन बसत होत्या. नवरीच नाही, तर नवरीचा रिवाज कुठला? मी गावचा कारभार बघणाऱ्या मुख्तार वेयसेलला वेगळं पत्र टाकलं आहे. तो येऊन सेनेमला खाली घेऊन जाईल. तिनं मुकाट्यानं जावं.

तुझा मुलगा
सातलमिश


कुरतकाया
४ जुलै १९७१

सातलमिश, माझ्या पोरा,

सलाम, पापे, सगळं मागच्यासारखंच धर.

तुझी नखांची गोष्ट सेनेमनं वाचली. मला रागही आला आणि रडूही आलं. तू दगडाखाली होतास आणि मला हवामान कळवत होतास! दुर्सुनच्या हातांवरून माझा जीव ओवाळून टाकते. लोकरीचे मोजे विणले आहेत, हातमोजेही. सांग त्याला, जन्मभर विणीन. पण पोर विणलेली नाही. ती मला उसवून देता येत नाही.

आता मुख्तार. वेयसेल टोपी सरळ करून आला, मागे चहाच्या दुकानातली चारपाच माणसं. उंबऱ्याबाहेर उभा राहून ओरडला, “हूरू मावशी, रिवाज रद्द झाला! तो गडी आहे!”

मी म्हटलं, “कोण गडी आहे?”

“तुमची नवरी! जर्मनीहून पत्र आलंय. राजा आहे तो.”

बायका पाणी भरून येत होत्या, त्याही थांबल्या. वेयसेलची स्वतःची बायको सुलतान कळशी कमरेवर घेऊन तशीच उभी. मग मी नेझिहे हानमला हाक मारली. त्या अंकाराच्या बाई, दर उन्हाळ्यात येऊन ब्रशनं आपले दगड झाडतात त्या. मी म्हटलं, “बाई, तुम्ही इतकी वर्षं इथे झाडू मारताय. हा खरं बोलतोय का?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना सांगवेना. शेवटी म्हणाल्या, “हो, आजी. राजाच आहे. मी पहिल्याच वर्षी सांगणार होते. पण तुम्ही सगळ्या त्याच्याशी इतक्या मनातलं बोलत होता, की माझी जीभच उचलेना.”

वेयसेल विजयी. “झालं? चल पोरी, ऊठ.”

सातलमिश, मी त्या दगडाकडे बघितलं. जन्मभर बघत आले तसंच. आणि मला हसू फुटलं. मी म्हटलं, “वेयसेल, थांब जरा. इतके दिवस आमच्या पोरी एका गरीब नवरीच्या पाठीशी लपत होत्या, तरी तुझ्या बापाची, तुझ्या आज्याची छाती झाली नाही त्यांना ओढून न्यायची. आता म्हणतोस, ती नवरी नव्हे, पादशहा आहे. म्हणजे आमची बाजू आणखीच भक्कम झाली. तू गावचा मुख्तार, तुझ्याकडे एक रबरी शिक्का आहे. ह्याच्याकडे सूर्य आहे. घाल बघू पाऊल आत.”

सुलतान कळशीसकट हसली, पाणी हिंदकळून तिच्या नवऱ्याच्या बुटांवर पडलं. त्याचं पाऊल काही उचललं नाही.

आणि परका पुरुष म्हणतोस ना? एवढ्या पोरी त्याच्या पायाशी बसल्या, रडल्या, झोपल्या. त्यानं कधी ब्र काढला नाही, डोळा वर केला नाही, कुणाला सांगितलं नाही. असा पुरुष सगळ्या जिल्ह्यात दुसरा दाखव, मी त्यालाही पादशहा म्हणेन.

तुझ्याबद्दल एक बोलते. तुझ्याआधीची माझी पोरं पाळण्यातच गेली. तू झालास तेव्हा मी तुला दुपट्यात गुंडाळून त्या दगडापाशी घेऊन गेले. म्हटलं, हा माझा नाही, तुला विकला, तुझा म्हणून सांभाळ. मृत्यूला वाटावं की हूरूच्या घरी पोर नाहीच. म्हणून तर तुझं नाव सातलमिश, विकलेला. तू जगलास. तेव्हा त्या दगडाला मी नवरी म्हणाले की राजा, त्याला फरक पडला नाही. आता तुला का पडावा?

बायकांनी ह्या वर्षीच्या साठवणीच्या पोळ्या वर देवळाच्या अंगणातच लाटायच्या ठरवल्या आहेत. परवापासून चार तवे मांडले आहेत. आधी भिंतीला लागून मांडले होते. नेझिहे हानम धावत आल्या, “धूर! माझे दगड!” मी म्हटलं, “बाई, राजाला भाकरीचा वास नको का?” म्हणाल्या, “राजाला हवा, सरकारला नको.” मग तवे पार पलीकडे, गवतावर नेले. बाईंचं बरोबर होतं, दगड काळे पडले असते. गावात चूल पेटत नाही. ज्याला पोळी हवी त्यानं टेकडी चढून यावं आणि उंबऱ्याबाहेरून मागावी. चहाच्या दुकानातली माणसं दिवसाला दोनदा चढतात, पोटं उतरतील त्यांची.

शब्द मागे घे, पोरा. परीक्षा जवळ आली.

हूरू


गेल्सेनकिर्शन
१५ जुलै १९७१

आई,

इथे वसतिगृहात सगळ्यांना कळलं आहे. वेयसेलच्या पुतण्यानं कळवलं. जेवायला बसलो की कुणीतरी विचारतं, “सातलमिश, जावई दगडाचा केलास म्हणे?” सगळे हसतात. दुर्सुन हसत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो आणि भिंतीकडे तोंड करतो.

तू म्हणतेस तू मला त्या दगडाला विकलंस. ठीक. पण खाणीत जेव्हा सगळं अंगावर आलं तेव्हा दगड मागे फिरला नाही, माणूस फिरला.

तुझ्या बोलण्याला मी कधीच पुरा पडलो नाही, आजही पडत नाही. म्हणून सरळ लिहितो. सेनेम ह्या महिन्याच्या आत खाली आली नाही, तर मी ऑगस्टात येणार नाही. ह्या ऑगस्टात नाही, पुढच्याही नाही. ज्या गावात माझ्या शब्दाला किंमत नाही तिथे मी कुठल्या तोंडानं बसमधून उतरू? गाय विकायची असेल तर वेयसेलला सांग. मला पत्र पाठवू नकोस.

सातलमिश


कुरतकाया
२८ जुलै १९७१

सातलमिश,

पत्र पाठवू नकोस म्हणालास, म्हणून पाठवते. हे अक्षर बघून चक्रावू नकोस. हे मुख्तार वेयसेलचं आहे.

(मी, वेयसेल, हे केवळ सांगितलं म्हणून लिहीत आहे. माझी संमती आहे असं कुणी समजू नये.)

त्याला मध्ये मध्ये बोलायची सवय आहे, तू लक्ष देऊ नकोस. झालं असं. परीक्षेला जायचं तर सेनेमला उंबरा ओलांडायला हवा. ओलांडला की वेयसेल तिला तुझ्या शब्दापोटी पेलितलीला पोचवणार. तो आठवडाभर खाली रस्त्यावर खुर्ची टाकून बसला होता.

(मी सावलीसाठी बसलो होतो.)

पोर रडकुंडीला आली. “आजी, मी परीक्षा सोडते. इथेच बसते.” मी म्हटलं, तू कशाला सोडतेस? रिवाज काय सांगतो? जागा रिकामी राहता कामा नये. बसणारी कोण, हे कुणी सांगितलंय? काल पहाटे मी माझी गोधडी उचलली, राजाच्या पायाशी टाकली, बसले आणि तिला म्हटलं, “जा आता. कात्री, टाके, नाळ, जे काय विचारतील ते नीट सांग.” सुलतान तिला घेऊन मोटारीपर्यंत गेली. वेयसेल आडवा आला तर सुलताननं त्याला सांगितलं, “बसणं मोडलेलंच नाहीये, वर जाऊन बघ, जागा भरलेली आहे.” हा धापा टाकत वर आला. बघतो तर मी.

म्हणाला, “मावशी, हे चालत नाही. तुमचं कुठे लग्न ठरलंय?”

मी म्हटलं, “ठरव. दुर्सुनच्या घराण्याला आमच्या घरची बाई देण्याचा शब्द आहे ना? मी आहे आमच्या घरची. पाठव वरात, ढोल पाठव, सनई पाठव. चार दात आहेत, चारही माझे. पण मला हे लग्न नको आहे, म्हणून मी इथे बसले आहे. आता जोवर माझ्या मुलाचा शब्द मागे येत नाही तोवर मी उठत नाही.”

त्याच्या खिशात पेन होतं. मी म्हटलं, बस, लिही.

(पोळी दिली म्हणून बसलो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.)

सातलमिश, तू येणार नाहीस म्हणालास. हे वाक्य सेनेमनं मला वाचून दाखवलं नव्हतं. ती “इति सातलमिश” म्हणून थांबली. मी तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं, “अजून आहे. वाच.” मग वाचलं. मला तू एकच आहेस. तू आला नाहीस तर मी दर ऑगस्टात बसच्या वेळेला रस्त्याकडे बघणार, आणि बस जाणार, आणि मी घरी जाऊन जेवणार. जेवण गोड लागणार नाही. पण जेवणार. मला भीती घालून उठवता येत नाही, हे लक्षात ठेव.

आणि माणूस मागे फिरला म्हणालास ना, ते खरं आहे. ते मी मानलं. दुर्सुन दगडासारखा उभा राहिला नाही, मागे फिरला. तूही फिर.

हूरू

(सुलतान इथे उभी आहे, म्हणून मी आणखी काही लिहीत नाही. — वेयसेल)


गेल्सेनकिर्शन
११ ऑगस्ट १९७१

आई,

तुझं पत्र दुर्सुनला वाचून दाखवलं. सगळं. चार दातांचंही. मग म्हणालो, दुर्सुन, मी शब्द मागे घेतो, माझ्या लेकीला नको आहे.

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, “मी मागितली नव्हती. तूच सगळ्या खोलीसमोर उभा राहून दिलीस. मी घरी कळवलं, माझ्या बायकोनं गावभर मिठाई वाटली. आता मी तिला काय कळवू?” मग त्यानं गादी गुंडाळली आणि पलीकडच्या इमारतीत राहायला गेला. खाणीत पाळी एकच आहे. लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली उतरताना खांद्याला खांदा लागतो, पण तो माझा सलाम घेत नाही.

म्हणजे तू जिंकलीस. ऊठ आता, गुडघ्याला दगड बाधेल. मी सुट्टी टाकली नाही. दुर्सुनही ह्याच महिन्यात निघणार होता, एकाच बसनं यायचं ठरलं होतं. त्याच्या शेजारी दोन दिवस बसायचं मला जमणार नाही; त्याला माझ्या शेजारी जमणार नाही, म्हणून त्यानंही सुट्टी सोडली.

सेनेमचं काय झालं ते तेवढं कळव.

सातलमिश


कुरतकाया
२३ ऑगस्ट १९७१

सातलमिश, माझ्या पोरा,

तुला सलाम, तुझ्या डोळ्यांचे पापे, तुझ्या कपाळाचाही एक. हा जास्तीचा का ते तुला ठाऊक आहे.

सेनेम पास झाली. यादीत नाव लागलं, सप्टेंबरात वसतिगृहात जाईल. सध्या चोरुमला सुलतानच्या बहिणीकडे राहून ती पांढरा एप्रन शिवून घेते आहे. मला म्हणते, “आजी, तुझा गुडघाही बघेन.” मी म्हटलं, तुझ्याकडे पोटुशीच बायका येऊ देत, म्हाताऱ्यांनी तुझं दुकान बुडेल.

तू ऊठ म्हणालास. उठलेही असते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी गोधडी गुंडाळत होते. तेवढ्यात खालून एक बाई चढून आली, घामाघूम, कमरेवर हात. पेलितलीची, दुर्सुनची बायको इंजी. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं मला जे काही ऐकवलं ते मी सांगितलं तरी लिहिलं जायचं नाही. मिठाई, अब्रू, शेजारणी, सगळं काढलं. मी ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं. दम संपला तेव्हा मी ताकाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. ती प्यायली. मग तिची नजर दगडावर गेली.

“हाच का तो?”

“हाच.”

“आमच्यात असं काही नाही,” ती म्हणाली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. ह्या वेळी एकटी नव्हती. थोरली मुलगी बरोबर होती, गुलिझार, सेनेमच्याच वयाची, डोळे सुजलेले. दुर्सुननं तिला तिकडे खाणीतल्या एका विधुराला देऊन टाकलं आहे, दोन मुलांच्या बापाला. खोलीतल्या खोलीत, तुझ्यासारखंच, सगळ्यांसमोर उभं राहून. तुम्ही लोक तिथे कोळसा काढता की पोरी वाटता, मला समजत नाही.

इंजीनं मला विचारलं, “दुसऱ्या गावच्या मुलीला चालतं का?”

मी म्हटलं, “राजा म्हटल्यावर एकाच गावचा थोडाच असतो?”

सरकले आणि तिला जागा दिली. वेयसेल आला होता, बघून तसाच परत गेला. खुर्चीसुद्धा घेऊन गेला. बायका उद्या पुन्हा तवे चढवणार आहेत, गवतावरच. नेझिहे हानमनी ह्या वेळी धुराचं नाव काढलं नाही, उलट त्यांच्या तंबूतली एक सतरंजी पोरीला आणून दिली.

म्हणून मी उठलेली नाही. आम्ही दोघी आहोत. ती घाबरट आहे, रात्री माझा हात धरून झोपते.

तू दुर्सुनकडे जा. सलाम घेत नसेल तर सलाम करू नकोस, नुसतं हे पत्र त्याच्या हातात दे. मागे फिरलेला माणूस आहे तो, एकदा फिरला तसा पुन्हा फिरेल. नाही फिरला तर आमच्याकडे पीठ भरपूर आहे. त्याला मजकूर वाचायचीही गरज पडणार नाही. सेनेम चोरुमला गेल्यापासून माझं लिहायला वेयसेलशिवाय कुणी नव्हतं, आता आहे. तो बाप आहे, लेकीचं अक्षर ओळखेल.

तुझी आई
हूरू